न्यूरेंबर्गला निघालात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बव्हेरियातल्या न्यूरेंबर्ग शहराबद्दल प्रश्न पाठवा, असं संपादकांनी गेल्या अंकात सांगितलं होतं. पत्रं एवढी येतील याचा मला अंदाज होताच. शेजारच्या एर्लांगेनमध्ये सीमेन्सचा मोठा पसारा आहे, हेर्त्सोगेनाउराखला शेफलर कंपनी आहे, विद्यापीठ एर्लांगेन आणि न्यूरेंबर्ग दोन्हीकडे आहे. त्यामुळे कळवा, नाशिक, पुणे, तळेगाव इथल्या कितीतरी घरांतलं एखादं मूल या टापूत असतं आणि त्याचे आईवडील उन्हाळा धरून इकडे येतात. मी इथल्या सांक्ट योहानिस भागात राहते आणि आलेल्या मंडळींना शहर दाखवणं हे माझं आवडीचं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. इथली माणसं स्वतःला फ्रँकोनियाची समजतात. १८०६ मध्ये हे शहर बव्हेरियाच्या राज्यात गेलं, त्याआधी ते फक्त सम्राटाला मानणारं स्वतंत्र शहर होतं. तो अभिमान अजून शाबूत आहे. त्यामुळे ‘तुम्ही म्युनिकवाले’ या थाटात बोलू नका.

मुलगा एर्लांगेनला नोकरीला आहे. आम्ही दोघं तीन महिने जातोय. सोबत काय न्यावं, काय नेऊ नये? इमारतीत वागायचं कसं? (एक आजी, नाशिक)

आजी, आधी बॅगेचं बोलू. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर काहीही घेऊ नका. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. विमानतळावर बॅग उघडली तर ते सगळं कचऱ्यात जातं, आणि घरी कढवलेलं तूप डोळ्यांदेखत टाकलेलं बघवत नाही. तुपाची काळजी करू नका. इथल्या दुकानात ‘झावररामबुटर’ म्हणून विरजलेल्या सायीचं लोणी मिळतं, ते मंद आचेवर कढवा. रवाळ, खमंग तूप होतं.

कढीपत्ता, आंबे, ताज्या भाज्या यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून त्या नकोत. या नियमातून पाच फळं वगळली आहेत: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ खुशाल आणा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, लोणचं यांना अडचण नाही, फक्त लोणच्याची बरणी नीट बांधा. औषधं पूर्ण मुक्कामाची घ्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवा. त्या चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असावं, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव इथल्या औषधाच्या दुकानात कोणी ओळखत नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या कागदाशिवाय मिळत नाही. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतोच. त्याचा कागद पर्समध्येच असू द्या. तातडीला ११२, पोलिसांना ११०.

आता इमारत. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. पुष्कळ इमारतींत दुपारी एक ते तीनही शांत ठेवतात. नियमांचा कागद जिन्यात लावलेला असतो, मुलाकडून एकदा वाचून घ्या. रविवारी ड्रिल, हातोडी, व्हॅक्यूम क्लीनर नाही. इडलीचं पीठ शनिवारी संध्याकाळीच वाटून ठेवा. कुकरच्या शिट्टीचा आवाज शेजाऱ्यांना अनोळखी असतो. पहिल्याच आठवड्यात सुनेला घेऊन शेजारी जा, ओळख करून घ्या आणि हा स्वयंपाकाचा आवाज आहे हे सांगून टाका. ज्याने घरी येऊन ओळख करून दिली त्याच्याविरुद्ध तक्रार सहसा होत नाही.

फोडणीचं विशेष सांगते. कायद्याने झोपायच्या खोल्यांत आणि आतल्या पॅसेजमध्ये धुराचा इशारा देणारं यंत्र बसवलेलं असतं. मिरची तेलात टाकण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा. धूर झालाच तर तो खिडकीतून जाऊ द्या. जिन्याकडचं दार उघडू नका, धूर सगळ्या इमारतीत पसरतो.

कचरा वेगवेगळा करण्यात इथले लोक काटेकोर असतात: कागद, प्लॅस्टिकची वेष्टनं, ओला कचरा, उरलेला कचरा. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत रंगाप्रमाणे टाकायची, तीही रविवारी नाही, कारण बाटली फुटण्याचा आवाज होतो. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आणि पेयाचा पत्र्याचा डबा मात्र फेकू नका. त्यावर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकलं की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. काही जण रिकामी बाटली कचरापेटीच्या शेजारी उभी करून जातात, म्हणजे ज्याला त्या पैशांची गरज आहे त्याला पेटीत हात घालावा लागत नाही. तुम्हीही तसंच करा.

जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात आत शिरताना ‘ग्रूस गॉट’ म्हणायचं, निघताना ‘अदे’. अनोळखी माणसांनाही. एवढ्यानं तुमचा मुक्काम सोपा होईल. कोणी चारला कॉफी आणि केकला बोलावलं तर चार म्हणजे चार. फुलं नेली तर दारात त्यांचा कागद काढून हातात द्या. आणि चपला बाहेर काढायची सवय इथेही बऱ्याच घरांत आहे, ते तुम्हाला शिकवायला नको.

सहलीत न्यूरेंबर्गला फक्त अर्धा दिवस आहे. काय पाहावं? (एक वाचक, कल्याण)

अर्धा दिवस कमी आहे हे मला म्हणायलाच हवं. पण असेल तर सकाळी साडेदहाला मुख्य स्टेशनासमोरून जुन्या तटबंदीत शिरा. क्योनिगश्ट्रासं या रस्त्याने लोरेन्झ चर्च, तिथून पेग्निट्झ नदीवरचा पूल, आणि बाराला दहा कमी असताना हाउप्टमार्क्ट या मोठ्या चौकात उभे राहा. फ्राउएनकिर्शं या चर्चच्या दर्शनी भागावर बारा वाजता सात राजपुरुष सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. हे घड्याळ १५०९ चं, आणि प्रसंग १३५६ च्या राजाज्ञेचा, ज्यात सम्राट कोणी निवडायचा हे ठरलं. मग किल्ला चढा. तिथली खोल विहीर चुकवू नका. वाटाड्या वरून पाणी ओततो आणि खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत सगळे सेकंद मोजत थांबतात.

पाहताना एवढं ध्यानात ठेवा की २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे जुनं शहर जवळजवळ संपूर्ण पडलं होतं. तुम्ही पाहाल त्यातलं बरंचसं लोकांनी पुन्हा दगडावर दगड रचून उभं केलेलं आहे.

आम्ही पक्के शाकाहारी. सॉसेजच्या गावात उपाशी राहू का? (एक जोडपं, पुणे)

नाही राहणार, पण विचारून खावं लागेल. इथली ओळख म्हणजे बोटाएवढी सॉसेजं, पावात तीन घालून देतात. ती डुकराच्या मांसाची असतात, म्हणून तो विषय मिटला. खरी अडचण निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत आहे. बटाट्याचं सॅलड या भागात बहुतेकदा मांसाचं उकळलेलं पाणी घालून करतात. आंबट कोबीत चरबी किंवा श्पेक, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, असतात. बटाट्याचा मोठा गोळा, ज्याला क्लोस म्हणतात, तो स्वतः शाकाहारी, पण त्यावरचा रस्सा मांसाचा. काही बेकऱ्यांत ब्रेत्सच्या, म्हणजे गाठ मारलेल्या खारट पावाच्या, पिठातही चरबी घालतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘ओनं फ्लाइश, ओनं श्पेक, ओनं फ्लाइशब्र्यूअं’ असं सरळ म्हणा: मांस नको, श्पेक नको, मांसाचं पाणी नको. स्वयंपाकघरात विचारून येतात, आणि खरं तेच सांगतात.

एप्रिलपासून २४ जूनपर्यंत याल तर भाग्यवान आहात. शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्या आजूबाजूला क्नोब्लाउख्सलांड नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे. तिथला पांढरा शतावरीचा कोंब, श्पार्गेल, या दिवसांत सगळीकडे असतो. उकडलेला श्पार्गेल, वितळलेलं लोणी, नवे बटाटे. हॅमशिवाय मागा. अंडं चालत असेल तर केझश्पेट्सलं म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया आणि वर तळलेला कांदा. पोट भरतं.

आणि हे आवर्जून करा: जुन्या पद्धतीच्या बिअरगार्डनमध्ये स्वतःचा डबा नेता येतो. ही बव्हेरियातली जुनी चाल आहे आणि सरकारी नियमातही तिची नोंद आहे. ज्या टेबलांवर कापड नाही तिथे बसायचं, पेय त्यांच्याकडून घ्यायचं, जेवण आपलं. बिअर नको तर सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आपफेलशोर्लं घ्या. मी थालीपीठ आणि दह्याची चटणी घेऊन चेस्टनटच्या झाडाखाली बसते आणि शेजारची मंडळी त्यांचा मुळा, चीज, ब्रेड काढतात. बहुतेक वेळा एक तुकडा इकडे येतो, एक तिकडे जातो.

मी मासे खाणारा गोंयकार. समुद्र नसलेल्या गावात माझं कसं व्हायचं? आणि गोव्याशी या शहराचा काही संबंध? (एक वाचक, म्हापसा)

तुमच्यासाठी इथे कार्प आहे. शहराच्या पश्चिमेला आइशग्रुंड नावाचा तळ्यांचा मुलूख आहे, तिथला कार्प नावाजलेला. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ आहे त्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, तो खायचा. मासा उभा चिरून अर्धा भाग अख्खाच्या अख्खा तळून ताटात येतो, ताटाबाहेर डोकावतो. पर आणि शेपटी कुरकुरीत, तीही खायची. काटे बारीक आणि पुष्कळ असतात, पण म्हापशाच्या माणसाला त्याचं काय! सोबत सोलकढी नाही, बटाट्याचं सॅलड मिळेल. घरून सुके बांगडे आणायचे असतील तर मासळीला वीस किलोंपर्यंत मुभा आहे. फक्त घट्ट बांधा, शेजाऱ्यांचा विचार करून.

संबंधाचं म्हणाल तर आहे, आणि फार सुंदर आहे. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला गेला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला होता, आल्बुकर्कने तो पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला. त्याचं वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं आणि इथल्या आल्ब्रेख्त ड्युरर या चित्रकाराने गेंडा न पाहता त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. अंगावर चिलखताच्या पट्ट्या, मानेवर एक जास्तीचं लहान शिंग. युरोपने पुढे कितीतरी पिढ्या गेंडा म्हणजे हाच मानला. गेंडा बिचारा पोपकडे पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. किल्ल्याच्या पायथ्याशी ड्युररचं घर आहे, तिथे तो १५०९ पासून १५२८ मध्ये वारला तोवर राहिला. गोव्याच्या माणसाने त्या घराच्या उंबऱ्यात जरूर उभं राहावं.

मुलीच्या नव्या घरासाठी स्वस्तिक असलेलं तोरण न्यायचं आहे. चालेल का? बरोबर तेरा आणि सोळा वर्षांचे नातू आहेत, त्यांना नाझी काळाच्या जागा दाखवाव्या का? (एक आजोबा, कोल्हापूर)

आजोबा, हा प्रश्न तुम्ही निघण्याआधी विचारलात, फार चांगलं केलंत.

जर्मन दंडविधानाच्या ८६-अ या कलमाखाली नाझी संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आपलं धार्मिक स्वस्तिक हा त्या कलमाचा रोख नाही. पण दारावरचं तोरण बघणाऱ्याला तुमच्या मनातला अर्थ दिसत नाही. या शहरात तर १९३३ ते १९३८ दरवर्षी नाझी पक्षाचे मेळावे भरत. १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे इथेच जाहीर झाले. झेपेलिनफेल्ड या मेळाव्याच्या मैदानातल्या दगडी सज्जावर भलंमोठं हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझी स्वस्तिक, होतं, ते अमेरिकन सैन्याने २२ एप्रिल १९४५ ला सुरुंगाने उडवलं. ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांच्यापैकी कोणी त्याच जिन्यात राहत असेल. तेव्हा देवघरात, आतल्या भिंतीवर, कलशावर स्वस्तिक असू द्या. दाराबाहेर, बाल्कनीत, गाडीवर, गळ्यात दिसेल असं नको. तोरण फुलांचं न्या, ‘शुभ लाभ’ चं न्या, लक्ष्मीची पावलं न्या. नव्या गाडीची पूजा असेल तर ॐ काढा. कोणी विचारलंच तर शांतपणे समजावून सांगा, वाद घालू नका. आपलं चिन्ह पवित्र आहे, ते कुणाच्या जखमेवर ठेवायचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

नातवांना जरूर न्या. तेरा वर्षं हे समजण्याचं वय आहे. दोन जागा, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी. पहिली मेळाव्यांचं मैदान. ट्राम डॉकुमेंटात्सिओन्सझेंट्रुम, म्हणजे त्या काळाची माहिती देणाऱ्या केंद्रापर्यंत जाते. प्रदर्शनाच्या इमारतीचं काम काही वर्षं सुरू आहे, म्हणून काय उघडं आहे ते आदल्या दिवशी पाहून घ्या. मैदान मात्र कधीही चालत फिरता येतं. तलावाकाठी लोक धावतात, होड्या चालवतात, मुलं सायकल शिकतात. मुलांना याचं नवल वाटेल, त्यावर बोला. सज्जावर उभं राहून हात वर करून फोटो काढू देऊ नका, थट्टेतसुद्धा. तो गुन्हा आहे.

दुसरी जागा न्यायालयातलं सभागृह ६००. यू-१ मेट्रोने बेरेनशान्झं स्थानक. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ इथे नाझी नेत्यांवर खटला चालला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कानाला यंत्र लावून एकाच वेळी भाषांतर ऐकण्याची सोय एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे झाली. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तीन निर्दोष सुटले. सुटलेल्यांचं मुलांना मुद्दाम सांगा, म्हणजे खटला म्हणजे काय ते कळेल. मंगळवारी बंद असतं.

आणि दुपारी बारा वाजता सगळे जिथे चर्चवरचं घड्याळ बघतात ना, त्या हाउप्टमार्क्ट चौकाचीही गोष्ट सांगा. तिथे ज्यूंची वस्ती होती. ५ डिसेंबर १३४९ ला ५६२ माणसं मारली गेली, सिनेगॉग पाडलं, आणि त्या जागेवर बाजारचौक आणि फ्राउएनकिर्शं उभं राहिलं. चर्चच्या आत जमिनीवर त्याची आठवण म्हणून तारा कोरलेला आहे. मी कुणालाही चौक दाखवते तेव्हा आधी आत नेते.

१५ ऑगस्टला पोचतोय. तेव्हा बव्हेरियात सुट्टी असते म्हणे. दुकानं बंद? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

म्युनिकमध्ये बंद, न्यूरेंबर्गमध्ये उघडी. मेरीच्या स्वर्गारोहणाची ही सुट्टी फक्त कॅथलिक जास्त असलेल्या गावांत असते, आणि न्यूरेंबर्ग १५२५ पासून प्रोटेस्टंट वळणाचं. रविवारी मात्र सगळं बंद. इतर दिवशी दुकानं रात्री आठला मिटतात. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, तांदूळ घेऊन ठेव. राहिलंच तर मुख्य स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात. विमानतळावरून यू-२ मेट्रो बारा-तेरा मिनिटांत स्टेशनला आणते, तिला चालक नसतो, पुढच्या काचेजवळ बसून बघ. तिकीट काढल्याशिवाय चढू नकोस. अडवणारं फाटक नाही, पण तपासनीस येतात आणि दंड ६० युरो.

नाताळचा बाजार पाहायचा आहे. कधी यावं, मुलांना काय आवडेल? (एक आई, ठाणे)

पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बाजार सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. उद्घाटनाला चौकात पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं असतील तर सोमवार ते गुरुवार, सकाळी. शनिवार-रविवार टाळा. जाड तळव्याचे बूट घाला, थंडी दगडी फरशीतून वर चढते. मुलांसाठी हान्स-साक्स चौकात वेगळा छोटा बाजार असतो, जुनी गोल फिरणारी पाळणी आणि स्वतः काही करून बघायच्या टपऱ्या. त्यांना किंडरपुन्श द्या, तो बिनदारूचा. ब्लूबेरीची गरम वाइन मोठ्यांची. कपाची अनामत घेतात, कप परत केला की मिळते, किंवा तो कप घरी न्या. सुक्या आलुबुखाऱ्याच्या बाहुल्या इथेच मिळतात. लेबकुखन या मसालेदार गोड बिस्किटांमध्ये ‘एलिझन’ घ्या, त्यात मैदा नावापुरता आणि बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा भरपूर. अंडं असतं, हे लक्षात ठेवा.

बाजाराचं उद्घाटन क्रिस्टकिंड, म्हणजे देवदूतासारखं नाताळचं पात्र झालेली मुलगी, करते: सोनेरी केस, सोनेरी मुकुट, चर्चच्या सज्जातून म्हटलेली कविता. दर दोन वर्षांनी शहरातली सोळा ते एकोणीस वर्षांची एक मुलगी निवडतात. उंची किमान १६० सेंटिमीटर हवी आणि उंचावर चक्कर येता कामा नये. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय होते. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने समाजमाध्यमावर तिच्याबद्दल हीन शब्द लिहिले. त्यावर देशभर संताप उसळला, शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं, आणि त्या शुक्रवारी तिनेच सज्जातून कविता म्हटली. तुमच्या मुलीला हे सांगून आणा. क्रिस्टकिंड बाजारात मुलांना भेटते, तेव्हा तिच्याशी बोलता येईल.

हॉटेलात टीप किती? लोक आमच्याच टेबलावर येऊन बसतात, ते का? (एक वाचक, नागपूर)

पाच ते दहा टक्के, पण टेबलावर ठेवून जायचं नाही. बिल २८ युरो झालं तर पैसे देताना ‘तीस’ म्हणायचं, उरलेले तो ठेवून घेतो. पन्नासेक युरो रोख जवळ असू द्या, कार्ड न घेणारी खानावळ अजून भेटते. साधं पाणी फुकट येत नाही, मागाल ते बाटलीतलं येतं. बुडबुडे नको असतील तर ‘श्टिल’ म्हणा. नळाचं पाणी घरी निःशंक प्या.

टेबल वाटून घेणं ही इथली रीत आहे. मोठ्या टेबलावर जागा असेल तर ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’, असं विचारून बसतात, तुम्हीही बसा. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल मात्र सोडा, ते नेहमीच्या मंडळींचं. दहा जणांच्या टेबलावर एकेकाशी हात न मिळवता कोणी बोटांच्या पेरांनी लाकडावर दोनदा ठकठक केलं तर तो सगळ्यांना केलेला नमस्कार आहे. तुम्हीही तसंच ठोकून उत्तर द्या, आणि मग जेवण मागवा. गर्दी असेल तर शोयफर्लं, म्हणजे डुकराच्या खांद्याचा भाजलेला तुकडा, दुपारी दोनपर्यंत संपतो. तो हवा असेल तर लवकर जा.